मागच्या शुक्रवारी काय जेवलात?

उम्म अल हस्सम, ६ ऑक्टोबर २०२३

कश्मिरा,

व्हॉट्सॅपवर निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. म्हणून हे कागदावर. इथल्या मराठी मंडळातलं कुणी पुण्याला निघालं की त्याच्या बॅगेत टाकीन. आमच्या पिढीचं बहारीनमधलं टपाल असंच चालायचं: लोणच्याच्या बरण्या इकडे यायच्या, पत्रं तिकडे जायची. तू मराठी वाचायला वेळ लावतेस हे मला माहीत आहे. लाव.

रजा शिल्लक असताना तू विमान बदलून निघून गेलीस. कशासाठी? गणपतीच्या कार्यक्रमात बापाने एक विनोद केला म्हणून! अगं, मी वक्ता आहे. वक्त्याला सभागृह आधी हसवावं लागतं, मगच ते पेटतं. मी म्हणालो, "माझी मुलगी पुण्यात मार्केट रिसर्च करते. तिचं म्हणणं, मराठी माणसाला मराठी जेवण हवंय का, याचा आधी अभ्यास करू. उद्या म्हणेल, तान्ह्या बाळाला आईचं दूध आवडलं का, त्याचा फॉर्म भरून घेऊ!" लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. यात तुझा अपमान कुठे होता? सगळे तुला लहानपणापासून ओळखतात. परके होते का?

आणि त्यानंतर काय झालं ते तू दाराशी उभी राहून पाहिलंस. मी विचारलं, "या वाळवंटात आपल्या हक्काचं मराठी ताट हवं की नको? हवं असेल त्यांनी हात वर करा!" एकही हात खाली राहिला नाही. बँकेतले साहेब, सित्र्याच्या कारखान्यातली पोरं, कडेवर मुलं घेतलेल्या बाया. पहिला हात दत्तारामचा. वीस वर्षं कंपनीची बस चालवणारा तो कुडाळचा माणूस डोळ्यांत पाणी आणून उभा होता. आणि तू काय म्हणालीस? "बाबा, दॅट्स नॉट डेटा."

तुझं म्हणणं मी ऐकलं नाही असं नाही. काही घरी जाऊन एकेकाशी बोलायचं. मग एखाद्या हॉटेलच्या किचनमध्ये शुक्रवारपुरती जागा घेऊन थोडं जेवण करायचं, आणि पहिल्यांदा कोण येतं ते सोडून दुसऱ्यांदा कोण येतं ते बघायचं. हे सगळं साबणाच्या वडीसाठी ठीक आहे, कश्मिरा. भाषेला, मातीला, आईच्या हातच्या चवीला हे लागू होत नाही. जगातली एकही क्रांती प्रश्नावली भरून झालेली नाही!

उम्म अल हस्सममध्ये गाळा बघितला आहे. खानावळीचं नाव 'स्वाभिमान'. तुझी आई म्हणते, तुला आधी फोन करून माफी मागावी. माफी कशाची, ते ती सांगत नाही.

बाबा


उम्म अल हस्सम, २७ जानेवारी २०२४

कश्मिरा,

काल 'स्वाभिमान' उघडली. शुक्रवार, त्यात प्रजासत्ताक दिन. मी सहा मिनिटं बोललो. तुझी आई म्हणते वीस. तिच्या घड्याळावर माझा विश्वास नाही.

गर्दी अशी की लोक फुटपाथवर ताटं घेऊन उभे. कोंबडीचं सुकं, सोलकढी, वडे, तांदळाच्या भाकऱ्या. शेजारी चहा-ज्यूसचं दुकान आहे, हैदराबादच्या नावेदभाईंचं. त्यांनी खुर्च्या दिल्या. म्हणाले, "प्रोफेसरसाब, ये सब आपके रिश्तेदार हैं क्या?" मी म्हणालो, "सब!" मी प्रोफेसर नाही, विमा विकतो, पण माझं बोलणं ऐकून त्यांचा तसा समज झाला आहे. मी तो दुरुस्त केलेला नाही.

स्वयंपाकघर दत्तारामकडे. त्याची बायको मथुरा गावाहून आली आहे. तिच्या हाताला जी चव आहे तिच्यापुढे माझी सगळी भाषणं फिकी. लाजाळू बाई. काल सगळं आवरल्यावर म्हणाली, "भाऊनू, बायका वाटप मागतत. भाजलेल्या खोबऱ्याचा. डब्यात घालून देऊ काय?" मी म्हटलं, वहिनी, आपण माणसांना ताट वाढायला बसलो आहोत, आपण वाटणाचं दुकान काढलेलं नाही. स्वाभिमान डब्यात भरून विकत नसतात! ती हसली आणि आत गेली.

दत्ताराम कंपनीची नोकरी सोडून पूर्ण वेळ इकडे आला. त्याने स्वतःहून ठरवलं.

तू आली असतीस तर बरं वाटलं असतं. मोजणाऱ्यांनी कधीतरी जेवायलाही यावं.

बाबा


उम्म अल हस्सम, १४ जून २०२४

कश्मिरा,

पत्राला उशीर झाला. काम फार आहे.

खरं तर काम फार नाही. फेब्रुवारी बरा गेला. मार्चमध्ये रमजान, दिवसा हॉटेलं बंद, ते समजण्यासारखं होतं. एप्रिलमध्ये शाळा सुरू झाल्या, लोक गुंतले. मेमध्ये ऊन. आता अर्धी मराठी वस्ती सुट्टीला भारतात. प्रत्येक महिन्याला कारण आहे आणि प्रत्येक कारण खरं आहे, तरी ती सगळी एका रांगेत उभी केली की मला ती पटत नाहीत.

मी स्वस्थ बसणारा माणूस नाही. छापील प्रश्नावली काढली. 'आमच्या थाळीबद्दल आपलं मत: उत्तम, अतिउत्तम, अप्रतिम.' सगळ्यांनी 'अप्रतिम'वर खूण केली. तुझी आई म्हणाली, "चौथा पर्याय 'परत येणार नाही' असा ठेवायचा होता." मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. मग मंडळाच्या ग्रुपवर ऑनलाइन फॉर्म टाकला. उत्तरांपेक्षा हात जोडलेली चित्रं जास्त आली.

मग मी सित्र्याला गेलो. कंपनीच्या बसमधून पोरं उतरत होती, त्यांच्या सुपरवायझरला बरोबर घेतलं आणि गेटवरच विचारलं, "पोरांनो, आपलं ताट खायला याल की नाही?" सगळे म्हणाले, "येणार, साहेब!" संदेश नावाचा वेल्डर आहे, देवगडचा, तो तर म्हणाला, "यल्ला साहेब, ह्या शुक्रवारी फिक्स!" शुक्रवारी मथुराने त्यांच्यासाठी जास्तीचे वडे काढले. कुणी आलं नाही.

मराठी माणसाचं हेच! टाळ्या पिटायला पुढे, उभं राहायला मागे! घोषणा देताना नरडं फाडेल आणि घासाच्या वेळी कबाबच्या रांगेत दिसेल! मी हे सगळं दत्तारामला ऐकवलं. भांडी पुसता पुसता तो म्हणाला, "साहेबानू, तुमी विचारल्यात, लोकांनी हात वर केलो. तुमच्या तोंडार नाय कोण म्हणतलो?"

मी विचारलं, "म्हणजे तूही?"

तो म्हणाला, "माका तर तुमचा भाषण आवडला होता."

जानेवारीत मी लिहिलं होतं की नोकरी त्याने स्वतःहून सोडली. तसं झालं नव्हतं. तो म्हणत होता, आणखी दोन वर्षं काढतो, मुलीचं लग्न होऊ दे. मी त्याच्या खोलीवर जाऊन बोललो. गुलामी, मुक्ती, मालक होणं, असं बरंच काही. रूममधली बाकीची माणसं पत्ते टाकून ऐकायला बसली होती. दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला. आता त्याचा आणि मथुराचा व्हिसा 'स्वाभिमान'वर आहे. ती चालली तर ते इथे. नाही तर नाही.

हे मी तुला का सांगतो आहे ते मला कळत नाही. उत्तर नको देऊस.

बाबा


उम्म अल हस्सम, २० सप्टेंबर २०२४

कश्मिरा,

यंदा गणपतीत मी बोललो नाही. मंडळाला कळवलं, घसा बसला आहे. घसा बसलेला नव्हता. मंचावर उभं राहून समोर ते सगळे हात पाहायची माझी तयारी नव्हती.

मागच्या रांगेत बसलो होतो. नवीन सेक्रेटरीने बोलताना पुढच्या रांगेतल्या एका मुलीवर काहीतरी विनोद केला. सगळे हसले. ती मुलगीही हसली. मग तिने मोबाइल काढला आणि कार्यक्रम संपेपर्यंत मान वर केली नाही. इतक्या वर्षांत मी मंचावरून नेहमी हसणारे चेहरे पाहिले. मागून मान पहिल्यांदाच पाहिली.

तुझी आई जे सांगत नव्हती ते मला कळलं. माझं चुकलं. याच्या पुढे एक सुंदर वाक्य मला सुचत आहे, ते लिहीत नाही.

आता कामाचं. गाळ्याचा करार जानेवारीत संपतो. तोवर जमलं नाही तर दत्ताराम-मथुरा परत जातील. पन्नाशी उलटलेल्या ड्रायव्हरला कोण नवीन व्हिसा देतं? मी बँकेतल्या लोकांशी बोललो. एक म्हणाला मोठी जाहिरात करा, एक म्हणाला थाळी स्वस्त करा, एक म्हणाला बिर्याणी ठेवा. प्रत्येक जण भाषण करत होता. ऐकवत नव्हतं.

तुझं हे रोजचं काम आहे. माणसांना काय हवं ते शोधायची रीत कोणती? कुठली, कशासाठी, कधी? मी बाप म्हणून विचारत नाही. तुझ्याकडे लोक येतात तसाच आलो आहे, असं समज.

बाबा


उम्म अल हस्सम, १० नोव्हेंबर २०२४

कश्मिरा,

तुझा मेसेज आला. वर्षभरात पहिला. इंग्रजीत होता. मी तुझ्या आईला मराठीत वाचून दाखवला आणि मध्ये माझं काही घातलं नाही. ती म्हणाली, "हे सुद्धा शिकायला लागतं तुम्हाला."

तू लिहिलंस: फॉर्म किती ते मोजायला असतो. काय मोजायचं ते कळायला आधी कान लागतात. मंचावरून विचारू नका, गेटवर विचारू नका, कुणाच्या साहेबासमोर तर नाहीच. घरी जा, एका वेळी एकाच घरी. 'याल का, घ्याल का' असं पुढचं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. झालेलं विचारा. मागच्या शुक्रवारी काय जेवलात? कुणी केलं? कशात वेळ गेला? खानावळीचं नाव काढू नका. आणि शेवटी, मध्ये बोलू नका. समोरचा थांबला तर थांबू द्या. ती शांतता तुमची नाही, भरू नका.

कश्मिरा, मी भर पावसात उघड्या मैदानावर माणसं धरून ठेवली आहेत. पण अपेक्षाच्या सोफ्यावर दहा मिनिटं गप्प बसणं यासारखं अवघड काम आयुष्यात केलं नाही! अपेक्षा आठवते ना, तिसऱ्या गल्लीतली, नवरा ऑडिटर? तुझी आई सोबत होती. माझ्या शेजारी मुद्दाम बसली.

मी विचारलं, मागच्या शुक्रवारी काय जेवलात?

"शुक्रवारी? सुरमई, काका. सकाळी ह्यांनी आणली मनामाच्या मासळीबाजारातून. कालवण, भात, तळलेले तुकडे."

"आणि रात्री?"

"रात्री बाहेर. ग्रिल. पोरांना तेच लागतं."

माझ्या तोंडात आलं, आपल्या माणसांनी आपलं सोडून... तुझ्या आईने मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. अपेक्षाला वाटलं मला गहिवरून आलं. ती घाईने म्हणाली, "तसं नाही हो काका! आपलं आवडतंच. पण आपलंच जेवायला बाहेर कोण जातं? ते घरी असतंच की. बाहेर जायचं ते घरी होत नाही ते खायला."

मग ती थांबली. मीही थांबलो. पंख्याचा आवाज येत होता. मी मनातल्या मनात सगळी वर्णमाला म्हटली.

तीच पुढे बोलली. "कंटाळा जेवणाचा नसतो, काका. कंटाळा वाटपाचा. कांदा भाजा, खोबरं भाजा, फ्लॅटभर धूर, खाली अरबी बाई तक्रार करते, मग मिक्सर. सुट्टीची अख्खी सकाळ त्यात. तुमचं दुकान नवीन होतं तेव्हा मथुरावहिनींनी एकदा डबाभर वाटप दिलं होतं. त्या शुक्रवारी मी साडेनऊपर्यंत झोपले! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा."

मी विचारलं, "परत नाही मागितलंस?"

"मागितलं की. वहिनी म्हणाल्या, भाऊ नको म्हणतात."

तुझ्या आईला चिमटा काढावा लागला नाही.

त्यानंतर आम्ही आणखी घरं केली. कुणी मटण सांगितलं, कुणी उसळ, पण प्रत्येकीची सकाळ त्याच ठिकाणी अडकलेली होती. शेवटी सित्र्याला संदेशच्या खोलीवर गेलो, या वेळी सुपरवायझरशिवाय. पोरं पाळीपाळीने स्वयंपाक करतात. संदेश म्हणाला, "साहेब, तेव्हा फिक्स म्हटलं, पण शुक्रवारी आमची रूम एकत्र जेवते. ते सोडून कोण येणार? एकच मिक्सर आहे, तोही बाजूच्या मल्याळी रूमचा. वाटपावरनं आमची मारामारी होते. ज्याची पाळी असते तो आजारी पडतो!" सगळे हसले. मीही हसलो. मग तो म्हणाला, "सॉरी हां साहेब, वडे वाया गेले असतील."

वडे वाया गेले होते. मी म्हटलं, नाही रे.

म्हणजे उत्तर आमच्याच स्वयंपाकघरात उभं होतं आणि पहिल्याच दिवशी मला विचारत होतं, "देऊ काय?" ग्राहक दारात येऊन मागत होते, आणि मी त्यांना त्यांच्या अस्मितेविषयी सांगत होतो. तू ज्याला दुसऱ्यांदा येणारा माणूस म्हणतेस तो आला होता. मी त्याला परत पाठवला.

आता गाडी वळवायची आहे. ताटं बंद, वाटप सुरू. अजून दोन महिने आहेत.

बाबा


उम्म अल हस्सम, २४ जानेवारी २०२५

कश्मिरा,

गाडी वळली नाही.

वाटप खपलं. खरंच खपलं. लोकांनी दुसऱ्यांदा मागितलं, तिसऱ्यांदा मागितलं. अपेक्षाने आपल्या इमारतीतल्या गोव्याच्या बायकांनाही ते घ्यायला लावलं. पण गाळेवाल्याला तोवर दुसरा भाडेकरू मिळाला होता. वाटप विकायचं तर वेगळा परवाना, वेगळी जागा, सगळं नव्याने. मी म्हटलं, करू! मंडळाची एक सभा घेतो, लोकांना सांगतो, भागीदार उभे करतो. भाषण मनात तयारही झालं होतं. सुरुवात चांगली होती.

दत्तारामच्या खोलीवर गेलो. मथुरा बॅगेत कपडे भरत होती. मी तोंड उघडलं, तसा दत्ताराम उठून उभा राहिला. माझ्यासमोर तो कधी असा उभा राहिला नव्हता. म्हणाला, "साहेबानू, एक इनंती आसा. आता माका काय इचारू नका."

"अरे, ऐकून तर घे."

"तेचाच भ्या आसा. तुमी इचारल्यात की माजो हात आपसूक वर जाता."

मी गप्प राहिलो. ती शांतता माझी नव्हती. मी ती भरली नाही. हे मला वर्षभर आधी जमलं असतं तर तो आज बस चालवत असता आणि मुलीच्या लग्नाच्या खरेदीला सुकात दुकानोदुकान फिरत असता.

मग तोच माझी समजूत घालू लागला. "रागान नाय जातंय हां. घर आसा, चार माड आसत. तुमचा भाषण माका अजून आवडता." मथुराने मान वर न करता म्हटलं, "भाऊनू, तुमच्या घरच्या फ्रीजरात वाटप ठेवलंय. संपवा. जास्त दिस ठेवू नका."

विमानतळावर नावेदभाई गाडी घेऊन आले होते. परतताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "प्रोफेसरसाब, आज आप चुप हैं. तबीयत ठीक है?" मी त्यांना सांगितलं की मी प्रोफेसर नाही. ते म्हणाले, "मालूम है. सालभर से मालूम है."

आज शुक्रवार. तुझ्या आईने मथुराच्या वाटपाचं कालवण केलं. आम्ही दोघंच जेवलो. एकच डबा उरला आहे आणि तो काढायला आम्ही दोघंही तयार नाही.

मंडळाने शिवजयंतीला बोलायला बोलावलं आहे. मी विचारलं, एखाद्या शुक्रवारी सित्र्याच्या पोरांकडे नुसतं बसायला कुणी येईल का? अध्यक्षांनी लगेच सांगितलं, सगळे येतील. म्हणून मी एकटाच जातो. दत्ताराम गेला तरी त्याच्यासारखे तिथे खूप आहेत, आणि उद्या कुणीतरी बोलका माणूस त्यांच्याही खोलीवर जाईल.

या पत्राच्या शेवटी तुला विचारणार होतो की गुढीपाडव्याला येशील का. वाक्य लिहिलं आणि खोडलं. वर खूण दिसेल तुला. 'येशील का'ला तू 'बघते, बाबा' म्हणशील, आणि मी तोही हात वर झाला असं धरून चालेन. तुझ्या रीतीत ते बसत नाही.

तू सहा वर्षं पुण्यात आहेस. तुझ्या घरात जेवणाचं टेबल आहे की नाही हे मला माहीत नाही. तू स्वतः रांधतेस की डबा लावला आहेस, ऑफिसातून किती वाजता घरी येतेस, माहीत नाही. इतकी वर्षं फोनवर मी तुला जगाची परिस्थिती समजावून सांगत होतो. इथल्या परक्या घरांच्या शुक्रवारची मला खडान्‌खडा माहिती आहे, आणि स्वतःच्या मुलीच्या एकाही जेवणाची नाही.

तिथे शुक्रवारी सुट्टी नसते. तरी विचारतो. मराठीत सांग, इंग्रजीत सांग, पत्राने, फोनवर, हवं तेव्हा.

मागच्या शुक्रवारी काय जेवलीस? कुणी केलं होतं? बरोबर कोण होतं?

मी मध्ये बोलणार नाही.

बाबा